मैदानात परत पाठवलेला गडी

उत्तम,

आज सोमवार. सकाळी साडेसहाला मफलर गुंडाळून मी घरातून निघालो आणि थेट राजापेठेत तुझ्या जिन्याशी पोचलो. खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या नेहमीसारख्या आडव्यातिडव्या लावलेल्या. त्यांना शिव्या घालत तीन पायऱ्या चढलो, तेव्हा लक्षात आलं की वर तू नाहीस. तुला जाऊन सतरा दिवस झाले. पायांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

परत येऊन घरीच टीव्ही लावला. अमेरिकेतली रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची सकाळ, हे गणित तूच मला शिकवलंस. लेकीकडे, शीतलकडे, ओहायोला सहा महिने राहून आलास आणि येताना तिकडच्या फुटबॉलचा एक चेंडू घेऊन आलास, दोन्हीकडून निमुळता, परवलासारखा. म्हणालास, "कप्तान, तिकडे कबड्डीच खेळतात लेकाचे, फक्त हातात हे धरतात." पहिल्याच दिवशी गच्चीवरून तो फेकून दाखवायला गेलास आणि खाली एका पोट्टीच्या स्कूटीचा आरसा फोडलास. पासष्टाव्या वर्षी तुला हे वेड लागलं आणि मग माझी काय टाप होती न लागण्याची?

सुरुवातीला मला काही कळत नसे. चार डावांत दहा यार्ड जायचं, नाही गेलं तर चेंडू समोरच्यांचा, एवढं डोक्यात शिरायला एक हिवाळा गेला. पण खेळ कळायच्या आधीच मी त्यावर मत बनवून टाकलं होतं. तीस वर्षं पी.टी.चा मास्तर होतो, मत बनवायला मला माहिती कधी लागली नाही. माझं मत असं, की हा खेळ पूर्वी खेळ होता, आता तमाशा झाला आहे. दर्जा पार घसरला.

तू मोबाईलवर जुने डाव दाखवायचास, आणि तेच मी पुरावा म्हणून तुझ्याच तोंडावर मारायचो. पाहा, पूर्वी कसे कमरेत शिरून पाडत होते! आता नुसता खांदा मारतात आणि गडी निसटतो. सरावात अंगाला अंग लावू देत नाहीत म्हटल्यावर पकड येणार कुठून? तो चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक तर जणू नवी नवरी, जरा कोणी जोरात भिडलं की पंचाचा पिवळा रुमाल जमिनीवर. किकऑफला, म्हणजे लाथ मारून डाव सुरू करताना, तर हद्द झाली. पूर्वी दोन फौजा अंगावर धावून यायच्या, आता चेंडू खाली येईपर्यंत जागच्या जागी पुतळे होऊन उभं राहायचं म्हणे. याला काय खेळ म्हणतात?

तू ऐकून घ्यायचास आणि मग हळूच सुरुंग लावायचास. "कप्तान, तू क्लिपा पाहून राहिला. क्लिपीत कोणाच्या हातून चेंडू सुटते का कधी?" एका सोमवारी हट्टाने मला एक अख्खी जुनी मॅच दाखवलीस, पहिल्या मिनिटापासून. अर्धे चेंडू कोणाच्या हातात पोचतच नव्हते. पोचले तर सुटत होते. सगळे एकमेकांवर ढीग करून पडत आणि पंच तो ढीग उपसत बसत. दुसऱ्या भागात मी चक्क घोरायला लागलो. तू मला हलवून उठवलंस आणि म्हणालास, "उठ बे, सुवर्णकाळ चालू आहे."

तुझं म्हणणं साधं होतं. आताचा गडी जास्त पळतो, जास्त अचूक फेकतो, सव्वाशे किलोचा माणूस हरणासारखा वळतो. जुन्यातलं चांगलं तेवढं आठवणीत राहतं, बाकीचं आपण गाळून टाकतो. आणि रुमाल पडतात ते बरंच आहे. "माती चांगली होती म्हणते तू नेहमी. काहून चांगली होती? गुडघे सोलत म्हून?" मी मॅटवरच्या कबड्डीला नावं ठेवली की तू हेच विचारायचास. मग मी आवाज वाढवायचो. नलूवहिनी आतून ओरडायच्या, "हळू बोला, खाली पोट्टे शिकून राह्यले!"

लोकांना वाटायचं, दोन रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचा हा टाइमपास आहे. तुलाही तसंच वाटत असावं. माझ्यासाठी मात्र तो टाइमपास नव्हता, उत्तम. मला ते भांडण हरणं परवडणारं नव्हतं. का, ते आज सांगायचं आहे, आणि ऐकायला तू नाहीस.

अचलपूरची कबड्डीची फायनल. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली. आपली ती गोष्ट सगळ्या अमरावतीला पाठ आहे, कारण मीच ती सांगत हिंडलो. तुझ्या लग्नात सांगितली, तुझ्या रिटायरमेंटला सांगितली, शीतलच्या साखरपुड्यात तिच्या सासऱ्याला कोपऱ्यात धरून सांगितली. शेवटची काही मिनिटं उरली होती, आपण एका गुणाने मागे. उत्तमच्या डोक्याला मार लागलेला, डोळ्यांसमोर अंधारी, तरी हा वाघ माझा हात धरून म्हणतो, "कप्तान, मले जाऊ दे. नाई गेलो तं मरतो मी." मी जाऊ दिलं आणि याने दोन गडी मारून आणले. एका गुणाने जिंकलो. आणि गंमत म्हणजे बसमध्ये विचारतो, आपण जिंकलो का? इथे लोक हसायचे. तूही हसायचास. तुला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं, तेव्हा माझी गोष्ट हीच तुझी आठवण झाली.

खरं काय झालं ते असं. तुझ्या चढाईवर त्यांनी साखळी करून तुला पकडलं आणि त्या ढिगात कोणाचा तरी गुडघा तुझ्या कानशिलावर बसला. तू बाद झालास आणि बाहेर येऊन मातीत बसलास. मी खेळात होतो, नीट पाहिलंही नाही. त्यांच्या पुढच्याच चढाईत आपण त्यांचा गडी धरला. आपला एक गडी परत जिवंत झाला, आणि तो तू होतास. तू उठलास, रेषेपर्यंत आलास आणि मला विचारलंस, "कप्तान, कोण्या गावले आहो आपण?"

मी म्हणालो, अचलपूरले.

तू मान हलवलीस. कपाळाला माती लावलीस. आणि पुन्हा विचारलंस, "कोण्या गावले आहो आपण?"

राखीव गडी मागे बसून होता. पंचांना सांगितलं असतं तर तो आत आला असता. पण तो कच्चा होता आणि तू तू होतास. मग मी जे केलं ते फक्त कबड्डीवालाच करू शकतो. मी तुझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणालो, "कबड्डी बोल." तू सुरू केलंस. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. एका दमात, न अडखळता, स्वच्छ. मी मनाशी म्हणालो, दम तुटत नाही म्हणजे डोकं जागेवर आहे. आपल्या गुरुजींनी आपल्याला दमाचीच परीक्षा घ्यायला शिकवलं होतं. डोक्याची कशी घेतात ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "जा."

तू काही मागितलं नव्हतंस. तू मला एका गावाचं नाव विचारत होतास. मी तुला पाठवलं.

अचलपूरहून येताना एसटीत तू चषक मांडीवर घेऊन बसला होतास आणि दर थांब्याला विचारत होतास, "जिंकलो का आपण?" पोरं दर वेळी नव्याने ओरडायची, "हाव!" परतवाडा सुटल्यावर तू खिडकीतून ओकलास. आम्ही म्हणालो, बस लागली याला. सगळ्यांनी लिंबू शोधलं. डॉक्टर कोणी शोधला नाही.

दोन दिवसांनी तू ठणठणीत झालास, नोकरीला लागलास, लग्न झालं, चाळीस वर्षं चांगला जगलास. म्हणून मीही विसरलो. विसरलो म्हणजे काय, गोष्टीचा एक चांगला तुकडा ठेवला आणि बाकीचं गाळून टाकलं. तू म्हणायचास ना माणसं असं करतात, ते माझ्याकडे पाहून म्हणत होतास का?

मग तुझं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग लोकांची नावं, मग एक दिवस तू राजापेठेतल्या भाजीबाजारातून घरी येताना हरवलास, ज्या रस्त्यावर तुझी अख्खी हयात गेली त्या रस्त्यावर. अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे आपण तिघं गेलो. त्यांनी विचारलं, "यांच्या डोक्याला कधी मोठा मार लागला होता का?" नलूवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. तुझ्या तरुणपणाचा साक्षीदार तिथे मी एकटा. मी म्हणालो, "कबड्डी खेळणारा माणूस आहे साहेब, थोडंफार लागतच असते." डॉक्टरांनी लिहून घेतलं. जाताना मी त्यांना एकट्यात गाठून विचारलं, की समजा फार वर्षांपूर्वी एकदा जोरात लागलं असेल तर? ते म्हणाले, एकाच माराने असं झालं हे सांगता येत नाही आणि नाही झालं हेही सांगता येत नाही. वय आहे, रक्तदाब आहे, घराण्यात असेल. म्हणजे मला शिक्षाही नाही आणि सुटकाही नाही. अकोल्याहून परतताना तू गाडीत मला विचारलंस, "कोण्या गावले चाललो आपण?" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. वहिनींनी उत्तर दिलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातला तो सोमवार. त्या दिवशी तू बराच जागेवर होतास. टीव्हीवर एक जवान गडी डोक्यावर आपटला, उठला, दोन पावलं चालला आणि त्याचे पाय एकमेकांत अडकले. लगेच माणसं धावली आणि त्याचं डोकं तपासायला त्याला बाजूच्या निळ्या तंबूत घेऊन गेली. थोड्या वेळाने तो रेषेवर हेल्मेटशिवाय उभा दिसला, प्रशिक्षकाशी हातवारे करत भांडत होता. तू विचारलंस, "त्याले काहून नाई पाठवत?"

मी म्हणालो, "नियम आहे. हेल्मेटच लपवून ठेवतात त्याचं, पळून आत जाईन म्हून. नाजूक पोट्टे झाले हे. याच्यानंच दर्जा गेला खेळाचा."

तू हसलास. "माहं काय लपवलं असतं तुमी? चड्डी?"

आपण दोघं पोट धरून हसलो. आणि हसू ओसरल्यावर, टीव्हीवरची नजर न काढता, तू विचारलंस, "कप्तान, मी सोताच म्हटलं होतं ना रे? मले जाऊ दे म्हून?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू मला हे विचारलंस. खोली तीच, खाली ट्यूशनवाल्याचा आवाज, पडद्यावर तो पोरगा अजून भांडतोय. माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं, उत्तम.

मी म्हणालो, "हाव. तूच म्हटलं."

"मंग ठीक आहे," तू म्हणालास. "माहं डोकं, माही मर्जी."

आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस, जणू काही तूच मला मोकळं करत होतास.

शेवटच्या महिन्यात तू शीतलचं नाव विसरलास. वहिनींना "बाई" म्हणायला लागलास. मला मात्र कप्तानच म्हणत राहिलास, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि अंथरुणावर पडल्या पडल्या तुझे ओठ हलत असत. नर्सला वाटायचं, देवाचं नाव घेतात. मी कान लावला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. बारीक, पण सलग. ज्या माणसाला आपली मुलगी आठवत नव्हती, त्याचा दम तुटत नव्हता. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी रेषेवर मी कशाची परीक्षा घेतली होती. ती परीक्षा तू अगदी शेवटपर्यंत पास होत राहिलास.

तेव्हापासून मला तो आवाज येतो. आंघोळीला पाणी काढताना येतो. एसटी स्टँडवर कोणी म्हातारा शेजारच्याला "हे कोणतं गाव आलं?" विचारतो आणि मी मागे वळून पाहतो. परवा बायको म्हणाली, झोपेत तुम्ही "अचलपूर, अचलपूर" करता.

तुझ्या शोकसभेत मला बोलायला उठवलं. उठताना मी ठरवलं होतं की आज खरं बोलायचं. समोर आपले जुने गडी बसले होते, टकले, ढेरपोटे, डोळे भरलेले. त्यातला एक ओरडला, "अचलपूरची सांगा, सर!" आणि मी सांगितली. तीच. हात धरून म्हणाला, मले जाऊ दे. तुझा आवाजही काढला मी. माणसं रडता रडता हसली. तुझ्या फोटोसमोर उभा राहून मी तुझ्या नावावर पुन्हा एकदा खोटं खपवलं आणि लोकांनी माझी पाठ थोपटली.

सभा संपल्यावर शीतल आली. तिची लेक ईशा तिकडे शाळेत मुलींचा फ्लॅग फुटबॉल खेळते, त्यात धक्का मारून पाडत नाहीत, कमरेची पट्टी ओढतात. तरी एका मुलीचं डोकं तिच्या डोक्यावर आदळलं. शाळेने डॉक्टर सांगेपर्यंत तिला बाहेर बसवलं आहे. पोरगी चिडली आहे, म्हणते मला सगळे दुबळी समजतात. शीतल म्हणाली, "काका, बाबांची गोष्ट मला लिहून द्या ना. मी तिला वाचून दाखवते. आजोबांनी कशी हिंमत केली, तिला जरा उभारी येईल."

बघ कशी वेळ आणलीस. तुझी नात डोक्याला मार लागून घरी बसली आहे आणि तिला मी सांगायचं, की तुझा आजोबा असाच परत आत गेला आणि जिंकला. घरी येऊन मी ती गोष्ट लिहिलीसुद्धा, दोन पानं, सुरेख अक्षरात. वाचून पाहिली आणि फाडली. त्या पोरीला बाहेर बसवणारी ती कोण शिक्षिका असेल, तिने काय केलं ते मला माहीत आहे. मी जे केलं नाही ते तिने केलं.

तर आपलं भांडण मी हरलो, असं समज. आताचा खेळ जुन्यापेक्षा वेगवान आहे की नाही, पकडी ढिल्या झाल्या की नाही, त्यावर मी अजूनही तुझ्याशी दहा सोमवार भांडेन. तिकडच्या सगळ्याच जुन्या गड्यांचं भलं झालं असंही नाही, तेही हे उशिराच शिकले असणार. पण निळा तंबू आल्यामुळे दर्जा गेला, हे मी म्हणत होतो ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. तंबू बरोबर म्हटला असता तर अचलपूरला मी चूक ठरलो असतो. एवढ्यासाठी मी तुझ्याशी इतकी वर्षं वाद घातला.

मला तुझी माफी मागायची आहे. मागतो. तू असतास तर म्हणाला असतास, "सोड बे." पण हे तुझ्या तोंडी मी घालतो आहे, आणि तुझ्या तोंडी वाक्यं घालायची माझी खोड आता बंद व्हायला हवी.

वरचं सगळं काल लिहिलं. शीतल ओहायोला परतली आहे; तिला त्या गोष्टीऐवजी हेच पाठवायचं, पण त्याआधी नलूवहिनींनी ऐकायला हवं असं वाटलं, म्हणून आज दुपारी जिना पूर्ण चढलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी वाचत गेलो, त्या मान खाली घालून निवडत राहिल्या. तू मला विचारलंस आणि मी "हाव" म्हणालो तिथे त्यांचा हात थांबला. शेवटपर्यंत ऐकलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्यायले तुमची गोष्ट कधीच पटली नव्हती. डोकं जाऊन राह्यलं तवापासून रोज सकाळी मले इचारत, नलू, मी खरंच म्हटलं असन का गं असं? मी म्हणो, मले काय माईत, कप्तानले इचारा. तुमाले इचारायची भीती वाटे त्यायले. तुमाले वाईट वाटन म्हून."

मी हातातल्या पानांची घडी घालायला लागलो.

"मंग एक दिवस इचारलं म्हणे तुमाले. त्या दिवसापासून मले इचारणं बंद झालं. म्हणत, कप्तान म्हणते तं मीच म्हटलं असन, मलेच आठवत नाई." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "जे एक त्यायच्या डोक्यात बरोबर होतं, तेच तुमी काढून घेतलं, भाऊजी."

मी उठलो. दारात होतो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "ईशाले पाठवा ते. माहं बोलणंही लिहा त्याच्यात."

लिहिलं आहे, उत्तम. आता पाठवतो.